लांडग्याला हाक देणारा बिरादा

आबा, आई, सुशीलावहिनी आणि इथं जमलेल्या सगळ्यांनो,

मला बोलायला उभं केलंय. मघाशी बाहेर चपलांपाशीच सगळ्यांनी हात वर केले. "ताई, तुम्हीच बोला, आमच्यानं होणार नाही." जणू माझ्यानं होणार आहे! मोठ्या आवाजाची बाई म्हणून माझी ख्याती आहे, ते खरं. इस्लामपूरजवळच्या आमच्या गावात उसाच्या फडात कुणाला जेवायला बोलवायचं असलं की मला बांधावर उभं करायचे. पण आज हातात माइक असून आवाज निघेना झालाय. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी स्मिता. बिराप्पाबरोबर, म्हणजे आमच्या बिरादाबरोबर, इथं सांगलीत एक लहानशी कन्सल्टन्सी चालवत होते. चालवत होते म्हणायचं की चालवते म्हणायचं, ते अजून ठरत नाही. या महिन्याच्या सुरुवातीला सकाळी चहा घेताना त्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती त्यानं.

हा फोटो बघा. हा बिरादा नाही. म्हणजे आहे, पण नाही. हा पासपोर्टचा फोटो आहे. केस विंचरलेले, कॉलरचं बटण लावलेलं, चेहऱ्यावर असा भाव की कुणीतरी रागावलंय त्याच्यावर. वहिनी म्हणाल्या, दुसरा चांगला फोटोच नाही. खरंय. बाकी सगळ्या फोटोंत त्याची पाठ आहे. आमच्याकडं त्याच्या पाठीचे इतके फोटो आहेत की सांगू नका. डोक्यावर ती मळकी टोपी, गळ्यात दुर्बीण, आणि बघतोय दुसरीकडंच. फोटो काढणाऱ्याकडं बघायचं असतं, हे त्याला कधी कळलंच नाही.

आता तो करायचा काय? इथं बसलेल्या निम्म्या लोकांना तो काय करायचा हे नीट माहीत नाही, याची मला खात्री आहे. आमच्या कामाला लोकांच्या तोंडी बसेल असं मराठी नावच नाही. कुणाला रस्ता करायचा असतो, कुणाला पवनचक्क्या उभ्या करायच्या असतात, कुणाला माळावर सोलरच्या प्लेटा टाकायच्या असतात. तर तिथं आधीपासून कोण राहतं, हे कुणीतरी जाऊन बघायला लागतं. पाखरं कोणती, जनावरं कोणती, ती कुठून येतात, कुठं जातात. मग सांगायचं, इथं बांधा, इथं नको. एवढंच आमचं काम. पैसे देणाऱ्यालाच "नको" सांगायचं. असा धंदा शहाणा माणूस करत नाही.

आई, तुम्ही शेजारच्या बायकांना सांगायचात, "पोरगं फॉरेस्टात हाय." बरोबर ना? हसताय म्हणजे बरोबर आहे.

आणि लग्नाच्या वेळची गोष्ट तर बिरादा स्वतःच रंगवून सांगायचा. वहिनींचे वडील फौजेतून रिटायर झालेले. बघायला आले, पाट घेतला, पाणी प्यायले आणि विचारलं, "ड्यूटी कुठं?"

हा म्हणाला, "माळावर."

"माळावर कसली पोस्टिंग?"

"लांडगं बघतो."

त्यांनी म्हणे तांब्या खाली ठेवला आणि आबांकडं बघितलं. आबा म्हणाले, "माझ्याकडं बघू नगा पाव्हणं. मला बी ह्येचं काय कळत न्हाई."

तरीही लग्न झालं. वहिनी, कसं झालं ते तुम्हालाच ठाऊक. तो म्हणायचा, "सुशीनं मला नोकरी बघून केलंच न्हाई, म्हणून टिकलं."

मी त्याच्याकडं आले तेव्हा नुकतीच एम.एस्सी. झाले होते. घरी म्हणत होते, बँकेच्या परीक्षा दे. भाऊ फौजेत, एक पोरगी तरी एका जागी पंख्याखाली बसू दे. मी मुलाखतीला गेले आणि तोंडपाठ करून गेलेलं वाक्य म्हटलं, "सर, मला प्राणी खूप आवडतात."

तो म्हणाला, "मलाबी आवडत्यात. पण प्राण्यांची बैठक नसते गं. माणसांशी बोलाया येतं का ते सांग."

आणि मला एका वस्तीवर घेऊन गेला. म्हणाला, "जा, त्या घरात जाऊन चहा पिऊन ये." ओळख ना पाळख. मी गेले, उंबऱ्यात उभी राहिले, घरातल्या म्हातारीनं विचारलं, "कोन गं तू?" आणि मला एम.एस्सी.चा सगळा अभ्यासक्रम आठवला, पण उत्तर आठवेना. म्हातारीनं चहा दिला. शेवटी तिनंच विचारलं आणि तिनंच सांगितलं, तिच्या परड्यात रात्री काय येतं, कोंबड्या कशानं जातात, सगळं. बाहेर आले तर हा जीपच्या टपावर बसून शेंगा खात होता. "झाली भरती," म्हणाला.

इथं मागं आमची सगळी मुलं-मुली बसलीत. तुमच्यातल्या प्रत्येकानं तसला चहा प्यायलाय. कुणी जतमध्ये, कुणी माण-खटावात, कुणी पार चांदोलीच्या अंगाला. वाइल्डलाइफमध्ये करिअर करायचंय म्हणून आलात आणि पहिल्यांदा बशीतनं चहा प्यायला शिकलात.

साताऱ्याच्या पठारावरचं ते काम काही जणांना आठवत असेल. पवनचक्क्यांचं. कुणाचं ते सांगत नाही, त्यांचा माणूस तसा चांगला होता. तो आला आणि म्हणाला, "सर, इथं मोठे पक्षी काही येत नाहीत. तेवढं लिहून टाका." बिरादा रागावला नाही. त्याला रागावताच यायचं नाही, ती माझी ड्यूटी होती. तो म्हणाला, "लिहितो की. फक्त एक दिवस माझ्याशेजारी बसा. दोघांनाबी दिसलं न्हाई तर तसं लिहू."

बसला बिचारा. पठारावरचा वारा तुम्हाला माहीत आहे. पोळी हातात धरली तर फडफडते. त्याची कॅप उडाली, मग कागद उडाले, मग त्याचा हट्टही जरा उडाला. दुपारी बिरादा खाली मान घालून डबा सोडत होता, तेवढ्यात तो मॅनेजरच ताडकन उठला आणि ओरडला, "ते काय? ते काय आहे?" गवतावरनं अगदी खाली, पंख पसरून, भोवत्या चालला होता. थंडीत लांबून येणारा शिकारी पक्षी. बिरादानं मान वर न करता विचारलं, "काय दिसलं साहेब? मला तर काय दिसलं न्हाई."

मॅनेजर हसला. मग तोच पुढं आणखी दोन दिवस येऊन बसला. त्या कडेच्या पवनचक्क्या मागं सरकल्या. तो माणूस आज इथं आलाय, मागं उभा आहे. साहेब, आलात, बरं वाटलं.

पाचगणीच्या एका शाळेनं एकदा त्याला बोलावलं होतं. मोठी निवासी शाळा, कडक इस्त्रीचे गणवेश. विषय होता, वन्यजीवनातलं करिअर. एका मुलीनं विचारलं, "सर, तुम्ही किती वाघ पाहिलेत?" हा म्हणाला, "जंगलात? एकपण न्हाई. ठसे बघितलेत." अख्खा हॉल हिरमुसला. कुणी तरी मागं चुकचुकलंसुद्धा. मग तो म्हणाला, "वाघ बघायचा तर टुरिस्ट व्हा. ह्या कामात यायचं तर वाट बघायला शिका." आणि त्यानं त्या स्टेजवर तोंडाशी हात धरून लांडग्याची हाक दिली. झालं! सगळी पोरं ओरडायला लागली. प्रिन्सिपॉल धावत आल्या. त्यांना वाटलं, काहीतरी शिरलं हॉलमध्ये. परत येताना घाटात हा मला म्हणतो, "स्मिता, त्या तिसऱ्या रांगेतल्या पोराचा आवाज लय भारी हुता बघ."

असा होता तो. आणि मी हे सगळं हसत हसत सांगतेय, कारण दुसरं मी सांगायला लागले तर पुढं जाता येणार नाही.

पण सांगायला हवं.

आबा पहिल्या रांगेत बसलेत. त्यांना खुर्ची दिली होती, ती बाजूला सारून खाली सतरंजीवर बसलेत. आबांनी सगळं आयुष्य मेंढरं राखली. जतच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीजवळ त्यांचं गाव. वर्षातला निम्मा काळ घर पाठीवर. आणि मेंढरं राखणाऱ्याचा लांडग्याशी काय संबंध असतो, ते मी सांगायला नको. लांडग्यानं आबांची कोकरं नेलीत, एकदा नाही, कितीतरी वेळा. एका पावसाळ्यात तर गाभण राहिलेली चांगली मेंढी नेली, तिला आई अजून नावानं आठवतात.

आणि अशा माणसाच्या पोटी लांडग्याच्या मागं फिरणारा पोरगा जन्माला आला.

त्यानं मला सांगितलं होतं, हे कसं झालं ते. लहान असताना राखणीला बसवलं होतं त्याला. टळटळीत दुपार. बाभळीमागनं लांडगा आला, कोकरू उचललं, निघाला, आणि जाता जाता थांबून त्यानं वळून बघितलं. बिरादा बघतच राहिला. ओरडायचं होतं, दगड मारायचा होता, कुत्र्याला हाक द्यायची होती. यातलं काही केलं नाही. आबा आले आणि थोबाडीत दिली. "वरडला का न्हाईस?" तो म्हणायचा, "स्मिता, मी काय सांगणार हुतो? त्येचं डोळं पिवळं हुतं म्हणून सांगणार हुतो?"

मग शिकला, पुण्याला गेला, परत आला. आणि बाप-लेकांत हा विषय बंद झाला. बोलणं बंद नव्हतं बरं का. मेंढराचा भाव, लोकरीचं काय झालं, जत्रेला कधी जायचं, सगळं बोलायचे. लांडगा सोडून. लांडगा आला की आबा उठून जायचे.

बिरादाची एकच इच्छा होती. मोठी नव्हती. आबांनी एकदा त्याच्याबरोबर संध्याकाळी टेकडीवर यावं, आणि लांडग्याचा आवाज त्याच्याशेजारी उभं राहून ऐकावा. बस. दरवर्षी विचारायचा. दिवाळीला गावी गेला की विचारायचा. मी दोन-चारदा समोर होते.

"आबा, ह्या वर्षी तरी या की."

"कशाला?"

"ऐकाया."

"माझी कोकरं ज्यानं खाल्ली त्येचा आवाज ऐकाया डोंगरावर येऊ व्हय रं? आन् तुज्यासंगं?"

बिरादा मागाहून मला म्हणायचा, "त्यांचं बरोबर हाय गं. त्यांच्या जागी मी असतो तर मीबी गेलो नसतो." आणि पुढच्या दिवाळीला परत विचारायचा.

मी एकदा वैतागून म्हटलं, "दादा, सोड ना आता. परदेशातली माणसं तुला बोलावतात, साहेब लोक तुझं ऐकतात. आबा नाही आले तर काय बिघडलं?" तो जीप चालवत होता. त्यानं गिअर बदलला. मग म्हणाला, "लोकांच्या शेतात जाऊन चहा पितो मी. माझ्याच घरात मला अजून चहा मिळाला न्हाई, असं वाटतं."

आणि खरंच एकदा मिळाला नव्हता. ती गोष्ट सांगते. आबा, सांगू का? मान हलवलीत. सांगते.

ही चूक आमच्याच धंद्यातली माणसं करू शकतात. दुसऱ्या कुणाला जमायची नाही. लांडगा दिवसा सहजासहजी दिसत नाही, पण बोललं तर कधी कधी बोलतो. दिवस मावळताना टेकडीवर उभं राहायचं आणि लांडग्यासारखी लांब हाक द्यायची. आसपास कळप असला तर उत्तर येतं. दिशा कळते, एकटा आहे की चार-पाच आहेत त्याचा अंदाज येतो. तर त्या संध्याकाळी आम्ही दोघं आबांच्या गावाजवळच्या दोन टेकड्यांवर होतो. फोनला रेंज नाही. ठरलं असं होतं की एकानं हाक द्यायची, दुसऱ्यानं नुसतं ऐकायचं. त्याला वाटलं, आज पाळी त्याची. मला वाटलं, माझी.

मी हाक दिली. पलीकडून उत्तर आलं! अंगावर काटा आला माझ्या. मी परत दिली. परत आलं. इकडं हा वेडा काय समजतोय, तर त्याच्या हाकेला उत्तर येतंय. आम्ही पार काळोख पडेपर्यंत एकमेकांना उत्तरं दिली. खाली जीपपाशी आलो तर दोघांना दम धरवेना. मी म्हणते, "दादा, पश्चिमेला कळप आहे!" तो म्हणतो, "पूर्वेला हाय, पूर्वेला!" आणि दोघांनी हात केला तो एकमेकांच्या टेकडीकडं.

तो मटकन खालीच बसला. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. म्हणाला, "तरीच म्हटलं, ह्या लांडग्याला सर्दी कशी झाली?"

पण गोष्ट इथं संपत नाही. आबांची मेंढरं त्याच दुपारी जागा बदलून त्या दोन टेकड्यांच्या मधल्या रानात बसायला आली होती. शहरातल्या लोकांसाठी सांगते, मेंढपाळांचे कळप असे शेतात मुक्कामाला बसवतात. शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, त्याबदल्यात तो धान्य देतो. आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. सकाळी कळलं तसे आम्ही खुशीत चहाला गेलो. बघतो तर आबांचे डोळे लाल, कुत्री दमून पडलेली, मेंढरांभोवतीची जाळी, ती वाघर, चहूबाजूंनी आवळून बांधलेली.

आबा म्हणाले, "काल दोनी अंगांनी घेरलं रं आमास्नी. एक ह्या टेकावनं, एक त्या टेकावनं. डोळ्याला डोळा न्हाई कुणाच्या."

बिरादानं माझ्याकडं बघितलं. मी मेंढरांकडं बघितलं. तो खोटं बोलला असता तर चाललं असतं. पण नाही.

"आबा, त्यो मी हुतो."

"कोन?"

"लांडगा."

"आन् दुसरा?"

त्यानं माझ्याकडं बोट दाखवलं. आई पदर तोंडाला लावून मागं वळल्या, पण खांदे हलत होते. आबा उठले. "ह्यास्नी चहा वतू नगंस," एवढंच म्हणाले आणि काठी घेऊन मेंढरांकडं गेले. मग किती तरी दिवस बोलले नाहीत.

मला वाटलं, आता हा खचणार. जीपमध्ये बसलो, थोडं पुढं गेलो, तर हा गालातल्या गालात हसतोय. मी म्हटलं, "काय झालं?" म्हणाला, "स्मिता, युनिव्हर्सिटीनं पदवी दिली, त्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मिळालं आज. माझ्या आवाजाला आबांनी लांडगा मानलं."

मला त्या वेळी ते नुसतं गमतीचं वाटलं होतं.

पुढं त्याच माळावर सोलर प्रकल्प यायचा होता. सगळ्या माळाला तारेचं कुंपण पडणार होतं. बिरादा त्या कामासाठी किती फिरला, ते मी पाहिलंय. त्याचं म्हणणं साधं होतं. जिथं मेंढरू चरतं, तिथंच लांडगा जगतो. माळ बंद झाला तर दोघंही जातील. त्यानं कंपनीला नकाशावर एक पट्टा मोकळा ठेवायला लावला. लांडग्यासाठी म्हणून ठेवला, पण त्याच पट्ट्यातनं आज गावची मेंढरं चरायला जातात. आबांचीही जातात. आबा त्यावर एक शब्द बोलले नाहीत. आणि बिरादानंही कधी विचारलं नाही. "त्यांनी काय म्हणावं असं न्हाईच," म्हणायचा. "एकदा येऊन हुबं राहावं, एवढंच."

या दिवाळीलाही तो विचारणारच होता.

मला काय होतं सांगू? त्याच्याबरोबर कुठंही निघालं की वेळेवर पोचणं माहीतच नव्हतं. "थांब, थांब, थांब!" आणि जीप कडेला. कशासाठी? तारेवर बसलेला एक खाटीक पक्षी, जो आम्ही हजारदा पाहिलाय. नाहीतर एखादा म्हातारा बांधावर बसलाय, त्याच्याशी दोन शब्द. मी चिडायचे. मीटिंग आहे, लोक वाट बघतायत, तुला काही आहे का? परवा मी एकटी विट्याला गेले. कुणी थांब म्हणालं नाही. वेळेच्या आधी पोचले मी. आणि तिथं बंद ऑफिससमोर गाडीत बसून रडले. आता मी सगळीकडं वेळेवर पोचणार आहे, आणि मला ते नकोय.

कुपवाडला आमचे, रानात लावायच्या कॅमेऱ्यांचे लोखंडी डबे वेल्डिंगला टाकलेत. ते तयार आहेत म्हणून काल फोन आला. मी "दादाला सांगते," म्हणाले. म्हणाले आणि मग फोन हातात धरून बसले. असं दिवसातनं कितीदा होतं. मला तो हवाय हो. कामासाठी नकोय, काम आम्ही करू, मुलं तयार आहेत. नुसता शेजारी बसून शेंगा खायला हवाय.

आता शेवटचं सांगते आणि बसते.

दिवसकार्याच्या आदल्या दिवशी मी गावी होते. घरात माणसंच माणसं. ऊन उतरलं तसं मी बाहेर येऊन कट्ट्यावर बसले. आबा आतून आले. काठी घेतली, पायांत पायताण घातलं आणि म्हणाले, "चल."

मी म्हटलं, "कुठं आबा?"

"त्यो कुठं हुबा ऱ्हात हुता, दाव मला."

आम्ही निघालो. आबांच्या गुडघ्यांना आता चढ सोसत नाही. दोन ठिकाणी बसले. मी हात द्यायला गेले तर झटकला. वर पोचलो तेव्हा दिवस टेकला होता. मी जागा दाखवली. तिथं काही नाही, एक सपाट धोंडा आहे. आबा त्याच्याजवळ उभे राहिले. खाली तो माळ, कुंपणाची तार, आणि मधला मोकळा पट्टा. आबा कितीतरी वेळ बघत होते.

मग म्हणाले, "हितं यिऊन काय करायचा?"

"हाक द्यायचा."

"मग दे की."

मी तोंडाशी हात धरला. आबा, तुम्ही बघितलंत, मी प्रयत्न केला. आवाजच फुटेना. इतकी वर्षं त्या हाकेला पलीकडच्या टेकडीवर तो होता. कुणाला हाक देऊ?

आबांनी माझ्याकडं बघितलं. काठी धोंड्याला टेकवली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि मेंढक्या माणसानं या रानातनं त्या रानात द्यावी तशी हाक दिली. लांडग्याची नाही. पोराची.

"बिराऽऽऽ"

माळावर आवाज लांबवर गेला आणि विरला.

तुमच्यातल्या कुणीतरी मला विचारलं, मग लांडगा ओरडला का? नाही ओरडला. काहीच आलं नाही. वारासुद्धा पडला होता. अंधारायला लागलं तसं मी म्हटलं, "आबा, चला. उतरताना दिसायचं नाही."

आबा जागचे हलले नाहीत. म्हणाले, "थांब गं पोरी. हाक दिल्यावर लगीच उत्तर येत न्हाई, आसं म्हनायचा त्यो."

मला कळेना. मी विचारलं, "तुम्हाला कधी म्हणाला आबा? तुम्ही तर ऐकून घेत नव्हता."

"मला कशाला म्हनंल? आयला सांगायचा, जेवताना. समदं सांगायचा. कुठल्या टेकावर गेलता, किती वरडलं, पिल्ली हायती का न्हाईत. मी हातरुणावर पडल्यालो आसायचो, तोंड फिरवून." आणि मग आबा म्हणाले, "कान काय झोपत्यात व्हय?"

बिरादा, ऐकलंस का? सगळी वर्षं. तू जेवताना बोलत होतास ती सगळी वर्षं आबा जागे होते.

मला आणखी बोलवत नाही. तुम्हा सगळ्यांना विनंती आहे, आपण थोडा वेळ उभं राहूया. मान खाली घालायची गरज नाही, त्याला ते आवडलं नसतं. बोलायचं नाही, हलायचं नाही. नुसतं ऐकायचं. आबा म्हणाले तसं, जरा थांबायचं.

बिरादा, आम्ही थांबलोय.